गळ टाकण्याआधी पंचांग उघडा

नाशिकहून गळाच्या सहलीचा बेत ठरतो तो बहुधा असा. कुणाला तरी शनिवार-रविवार मोकळा मिळतो, चौघं होकार देतात, नवा रॉड आणलेला असतोच, आणि गाडी गंगापूरच्या किंवा इगतपुरीच्या रस्त्याला लागते. दिवसभर उन्हात बसून दोन चिलापी मिळतात आणि परतताना "हल्ली मासेच राहिले नाहीत" असा निकाल लागतो. मासे कमी झालेत हे खरंच आहे, पण पुष्कळदा घोळ तारखेचा असतो. मासा पाऊस आणि चंद्र बघून हलतो. तुमच्या रविवारशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून रॉड कोणता घ्यावा हे विचारण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. नदीसाठी नक्षत्रं, समुद्रासाठी तिथी. एवढ्यावर वर्षाचा निम्मा बेत आखून होतो.

अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारी भाचरं सॅल्मनच्या हंगामाचे फोटो पाठवतात तेव्हा इथल्या हौशी माणसाला हेवा वाटतो. समुद्रात वाढलेला मासा अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत चढतो आणि त्याच्या येण्याच्या त्या मोजक्या आठवड्यांवर तिकडच्या सगळ्या सहली बेतलेल्या असतात. वॉशिंग्टन राज्यात परवान्याबरोबर एक कार्ड मिळतं. ठेवून घेतलेल्या प्रत्येक सॅल्मनची नोंद त्यावर जागच्या जागी करावी लागते. आपल्या नद्यांत सॅल्मन नाही. पण नदी चढणारे मासे आहेत, आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' म्हणून मिरवणारा रावसही आहे. रावसाचं सॅल्मनशी कसलंच नातं नाही. कुणीतरी नाव चिकटवलं आणि ते राहिलं. चवीला मात्र तो कुणाच्या उसन्या नावाचा मोहताज नाही.

नाशिककराला ही दोन्ही पाणी एकाच डोंगररांगेतून मिळतात. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला उतरते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाते. त्याच रांगेच्या दुसऱ्या अंगाला उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला वळते आणि अर्नाळा व दातिवरे यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. माझा सल्ला असा, की वर्षाचा बेत करताना वैतरणेचं बोट धरा. पावसाळ्यात वरचे ओढे नुसते बघायचे, पाणी निवळलं की घाटमाथ्यावरची धरणं गाठायची, आणि थंडी पडली की घाट उतरून खाडीवर जायचं.

रोहिणी लागली की गळ वर

बेताची सुरुवात बंद महिन्यांपासून करा. २५ मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं. तिथून हस्त संपेपर्यंत, म्हणजे साधारण १० ऑक्टोबरपर्यंत, नदी, ओढा, धरण कुठेही गळ टाकायचा नाही. कुणी विचारायला येवो न येवो, हे एवढं पाळा.

कारण डोळ्यांनी बघायचं असेल तर मृगाच्या पहिल्या दणक्यानंतर मोखाडा-जव्हारकडच्या एखाद्या ओढ्यावर जाऊन उभे राहा. ठाणे-रायगडकडे ज्याला वलगण म्हणतात आणि घाटावर चढणीचे मासे, तो प्रकार तिथे दिसतो. ओढ्याला गढूळ लोंढा येतो आणि काही तासांत मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. घोटाभर पाण्यातून, बांधाच्या फटीतून, पार भाताच्या खाचरापर्यंत. एक मासा दगडावर चढतो, पाठ पाण्याबाहेर, पोट अंड्यांनी टम्म, शेपटी दोन्हीकडे आपटतो, घसरतो, खालच्या खळग्यात क्षणभर थांबतो आणि पुन्हा त्याच दगडाला भिडतो. सॅल्मनची चढण बघायला लोक हजारो रुपये खर्चून परदेशी जातात. ही आपल्या जिल्ह्याच्या सीमेवर फुकट आहे, फक्त रेनकोट हवा.

तिथल्या आदिवासी घरांतून बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून हे मासे पिढ्यान्‌पिढ्या धरले जातात. सुकवून ठेवलेला तो मासा पुढे कितीतरी दिवस कालवणाला पुरतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आणि आपली हौस एका मापानं मोजायची नाही. खटकतात ते शहरातून जीप घेऊन येणारे, फेकजाळं टाकून पोती भरणारे आणि त्याचे व्हिडिओ करणारे. रोहू-कटल्यासारख्या माशाच्या एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. जूनमध्ये ती एक मादी उचलली की डिसेंबरात "मासे राहिले नाहीत" म्हणायचा हक्क आपण गमावला.

सह्याद्रीच्या नद्यांतला महासीरही याच दिवसांत वर चढतो. दख्खनी महासीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे गळाच्या मासेमारीवरचं पुस्तक लिहिणाऱ्या हेन्री सलिव्हन थॉमसनं झुंजीच्या बाबतीत महासीराला सॅल्मनच्या वरचा मान दिला. आज मुळा-मुठेची काय दशा आहे ते पुणेकरांना विचारा. ठिकठिकाणच्या धरणांनी महासीराची चढण अडवली. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटा पॉवरनं १९७० च्या दशकापासून त्याची पैदास चालवली आहे आणि तिथलं बीज देशभर गेलं आहे. तुमच्या गळाला कधी महासीर लागलाच, तर हात ओले करून, त्याला पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा आणि जाऊ द्या. फोटो पाण्यातल्या पाण्यात घ्या. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे बुरशी लागून मरतो. आपण मात्र सोडल्याच्या पुण्यात खूश.

महासीर जवळून बघायचा तर वाडा तालुक्यात तिळसे इथे जा. वैतरणेच्या काठी महादेवाचं देऊळ आहे आणि डोहातले मासे देवाचे मानून कुणी धरत नाही. महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंडही अशीच. चुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे वर येतात. मुलांना घेऊन जायला यापेक्षा चांगली पावसाळी सहल नाही. गळ मात्र घरी ठेवा, नाहीतर गावकरी तो तुमच्यासह बाहेर काढतील.

पावसाळ्यात नदीपासून लांब राहण्याचं दुसरं कारण जिवाचं आहे. गंगापूर किंवा दारणा भरत आलं की विसर्ग सुरू होतो आणि खाली नदी तासाभरात रूप पालटते. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती गुडघ्यापर्यंत बुडाला की कमरेपर्यंत, हे मोजत नाशिककर पूर बघतो. पण ते मोजायला काठावरून सुरक्षित अंतर लागतं. कालपर्यंत कोरडा असलेला खडक गळ टाकायला सोयीचा वाटतो, आणि तोच दगा देतो.

समुद्रालाही सुट्टी आहेच. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच मनापासून हंगामाला लागतो. खवळलेल्या समुद्रात काठावरूनही हौशी माणसाचं काही काम नाही.

धरण कुणाचं, मासा कुणाचा

हस्ताचा पाऊस सरला, पाणी निवळलं, की धरणं. इथे पहिला प्रश्न परवानगीचा आहे आणि तोच बहुतेक जण गाळतात. धरणाची भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचं असतं. त्यातला मासा मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो, आणि ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ यांचं बीज विकत घेऊन याच माणसांनी पाण्यात सोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही गळानं उचलता तो मासा कुणाच्या तरी शेतातलाच आहे. काठावर पोचलात की जाळी सुकत घातलेली दिसतील, तिथे थांबा. "मामा, इथली संस्था कुठली? गळ टाकला तर चालेल का?" एवढं विचारायला पैसे पडत नाहीत. क्वचित थोडी रक्कम मागतात, बहुधा तीही नाही. आणि ज्याला विचारलं तोच माणूस सांगतो की वाऱ्याच्या या बाजूला बसू नका, पलीकडच्या खोंगळीत जा.

आता जागा. गंगापूर धरणाचं पाणी शहर पितं, त्यामुळे भिंत, विहीर आणि पंपिंगच्या आसपास थारा नाही. आमिषाचा चिखल तिथे करणं शोभतही नाही. दारणा १९१६ मधलं जुनं धरण आहे, पसारा मोठा आणि काठ उथळ, सायप्रिनससाठी चांगला. देवळालीच्या बाजूनं जात असाल तर लष्कराच्या हद्दीचे फलक दिसताच मागे फिरा. तोफखान्याचं प्रशिक्षण तिथे चालतं, हे गमतीचं प्रकरण नव्हे. मुकणे आणि अप्पर वैतरणा ही माझ्या आवडीची. पाणी स्वच्छ, गर्दी कमी. वैतरणेवरच पुढे असलेली मध्य वैतरणा आणि मोडक सागर ही मुंबई महापालिकेची धरणं आहेत, तिकडे वळूच नका. भंडारदऱ्याला जायचं असेल तर आसपास कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे हे लक्षात ठेवून वनखात्याकडे आधी चौकशी करा.

नांदूरमध्यमेश्वर तर पूर्ण वर्ज्य. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं हे पाणी मासेबाजाला भुरळ घालतं, पण ते पक्षी अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही. तिथे दुर्बीण घेऊन जा. शहरातल्या गोदावरीबद्दल वेगळं सांगायला नको: सांडपाणी मिसळतं त्या पात्रातला मासा धरूही नये आणि खाऊही नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात धरणं काठोकाठ असतात आणि मासा पसरलेला. अशा वेळी नवख्यानं खोल पाण्याचा नाद सोडून बुडालेल्या गवताच्या कडेला, ओढा येऊन मिळतो त्या तोंडाशी बसावं. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या सुरू झाल्या की धरणातला मासा सुस्तावतो. पहाटे पाचला कुडकुडत बसण्यात मर्दुमकी असेल, मासा नसतो. या दिवसांत गळ टाकायचाच असेल तर उन्हं चढल्यावर, अकरा ते तीन.

खरा हंगाम मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. नेमकी तेव्हाच द्राक्षाची छाटणी-काढणी आणि मुलांच्या परीक्षा असतात, त्याला इलाज नाही. पाणी तापतं, मासा पहाटे आणि तिन्हीसांजेला काठाला येतो. पण एक गोष्ट बातम्यांतून टिपत राहा: आवर्तन कधी सुटणार. शेतीसाठी पाणी सोडलं की धरणाची पातळी रोज उतरते आणि उतरत्या पाण्यात मासा काठावर विश्वास ठेवत नाही, आत सरकतो. आवर्तन बंद होऊन पातळी दोन-चार दिवस स्थिरावली की जा. धरणाच्या खालच्या अंगाला, सांडव्यापाशी किंवा वीजघराच्या तोंडाशी तेव्हा मासा गोळा झालेला दिसतो, आणि नेमकी तीच जागा धोक्याची. वरून पाणी सुटतं तेव्हा भोंगा वाजतो, पण तो ऐकून खडकावरून चढून येईपर्यंत वेळ उरेलच असं नाही.

मेमध्ये एक दिवस रॉड न घेता धरणावर घालवा. पाणी तळाला गेलेलं असतं. जुनं नदीपात्र कुठून वळायचं, बुडालेल्या शेतांचे बांध, पडक्या विहिरीचा काठ, एखादा रस्ता अचानक पाण्यात शिरतो तो उतार, सगळं उघडं पडलेलं असतं. मोबाइलवर त्या जागा खुणेनं साठवून ठेवा. ऑक्टोबरात त्यावर वीस-तीस फूट पाणी असेल, पण मासा त्याच बांधाच्या आडोशाला उभा असेल. पैसे खर्चून आणलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षा ही पायपीट जास्त सांगते.

आमिषात मी साध्या मताचा आहे. रोहू-सायप्रिनसला कणीक, भाजलेला कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा, मरळ-शिंगाळ्याला गांडूळ किंवा मरळीसाठी बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष. बडीशेप, मेथी, आणखी कसकसले गुप्त मसाले यावर पवईच्या तलावावरचे जुने खेळाडू तासन्‌तास वाद घालतील. ऐकायला गंमत येते. मरळीबाबत मात्र एक ऐकाच. काठाजवळ पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा थवा एकजूट उकळल्यासारखा हलताना दिसला, तर खाली आईबाप राखण करत असतात. त्या थव्यात आमिष टाकलं की ते चिडून घेतातच, त्यात कसब काही नाही. जोडी उचलली की तासाभरात थवा इतर माशांच्या पोटात जातो. तिथून उठा, दुसरी जागा बघा.

चतुर्थीला खाडीवर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, धरणं थंडावलेली असतात तेव्हा, किनाऱ्याला रावस असतो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत पालघरचा किनारा दीडशे किलोमीटरच्या आसपास पडतो; घाट धरून चार तास हिशेबात घ्या. केळवे, सातपाटी, मुरबे, दातिवरे, पलीकडे अर्नाळा. वैतरणेचं पाणी इथेच येऊन पोचलेलं असतं.

रावस हा उथळ, गढूळ पाण्याचा मासा. छातीच्या परांखाली त्याला चार लांब तंतू असतात. डोळ्याला दिसत नाही तिथे तो या तंतूंनी चाचपत कोळंबी हुडकतो. त्यामुळे निळंशार पाणी शोधत बसू नका. खाडीच्या तोंडाशी जिथे चहाच्या रंगाचं आणि हिरवं पाणी यांची शीव दिसते, तिथे बघा. आमिष जिवंत कोळंबी, किंवा कोळंबीच्या आकाराचं रबरी. रावसाची आणखी एक खोड: तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाडीतला जिताडाही तसाच. म्हणजे सगळ्यात मोठा मासा धरला की आपण अंड्यांचा साठाच उचलतो. मधल्या मापाचा ठेवा, थोराड असेल तो सोडा. अगदी लहानही सोडायचा. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान माप ठरवून दिलं आहे, त्याची यादी मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते.

आता तिथीचा हिशेब. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळाशिवाय भरती सांगतात ती अशी: पक्ष कोणताही असो, तिथीचा आकडा घ्या आणि पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास, दुपारचा आणि रात्रीचाही. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटी. हे मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी जुळतं, डहाणूकडे सरकाल तसा थोडा उशीर होतो. बेत आखायला एवढं पुरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं कोष्टक मात्र बघाच.

नाशिकच्या माणसाला तृतीया ते पंचमी सोयीची. समजा चतुर्थी आहे. पहाटे चारला निघालात की आठच्या सुमाराला किनारा. नऊला ओहोटी तळाला असते. तेव्हा गळ न काढता खाडीच्या तोंडाशी चालून या: वाळूचे उंचवटे कुठे, त्यांच्यामधली नळी कुठे, तिवरांमधून येणारे ओहोळ कुठे उतरतात. मग भरती लागते आणि पाणी प्रथम त्या नळ्यांतूनच आत येतं. रावस त्याच वाटेनं येतो. दुपारी बारापर्यंतचा काळ उत्तम, पुढे पाणी पसरतं आणि मासाही. तीनला भरती पूर्ण होऊन पाणी उलटलं की पहिला दीड तास पुन्हा चांगला, कारण तिवरांतली कोळंबी ओहोटीबरोबर बाहेर पडते. साडेचारला आवरलंत तर घाट चढताना फार अंधार होत नाही.

पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण जोरात असतं. ओढ इतकी की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमी-नवमीला उलट भांगाचं पाणी, सुस्त, कोळंबी हलत नाही आणि रावसही. काठावर तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी एक सूचना. थंडीच्या दिवसांत उधाणाची रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. दुपारी पाणी जिथवर आलं ती ओली रेघ पाहून तंबू लावला, तर मध्यरात्री अंथरुणात समुद्र येईल. सुरूच्या झाडांच्या आत जा.

खाडीत गुडघ्यापेक्षा खोल उतरू नका. बेकायदा वाळूउपशानं तळात अवचित खड्डे झालेत, आणि वर गाळ इतका मऊ की पाय रुतला की बूट तिथेच राहतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. तळाशी पाकट बसलेलं असेल तर ते आधीच सरकतं. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, वेदना त्यानं उतरते, आणि मग डॉक्टर गाठा. थर्मासमध्ये चहाबरोबर नुसतं गरम पाणीही ठेवावं ते यासाठी.

कोळी बांधवांच्या डोल जाळ्यांचे खुंट पाण्यात रोवलेले दिसतील. त्यांच्या आसपास गळ फेकायचा नाही. तंगूस जाळ्यात गुंतला तर त्यांचा दिवस वाया जातो. उलट सकाळी बंदरावर एखाद्या काकांना "काल रावस कुठं लागला?" असं विचारलंत तर खरं उत्तर मिळायची शक्यता बरीच आहे, विशेषतः त्यांच्याकडून आमिषाची कोळंबी विकत घेतली असेल तर.

सामानाचं थोडक्यात. धरणाला आणि खाडीला एकच आठ-नऊ फुटी रॉड चालतो. दोन वेगळे हवेत हे दुकानदाराचं मत. रीळ खाऱ्या पाण्यातून आलं की त्याच रात्री गोड्या पाण्यानं धुवा. मुख्य दोरी बारीक चालेल, पण पुढचा हातभर तुकडा जाड तंगुसाचा हवा, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते. गळाचा उलटा दात पकडीनं दाबून टाका: मासा सोडवणं सोपं जातं, आणि स्वतःच्या बोटात घुसला तरीही. तुटलेला तंगूस काठावर न टाकता खिशात. बगळ्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस एकदा पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही.

बर्फ नाशिकहून नेऊ नका, सातपाटीसारख्या बंदरावर ताजा मिळतो. माशाच्या वजनाइतका बर्फ, हे प्रमाण. रावस धरल्याबरोबर कल्ल्यातून रक्त काढा, पोट साफ करा आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या थरांमध्ये ठेवा. डब्याला खाली भोक पाडून वितळलेलं पाणी वाहू द्या, नाहीतर जव्हारचा घाट चढेपर्यंत मांस पिठूळ होतं आणि घरी सगळा दोष फोडणीला लागतो.

रस्त्याबद्दल शेवटचं. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्र्यंबकमार्गे किनारा गाठणं तेव्हा शक्य नाही, पण ते महिने तसेही आपल्या बंदीचे. आधीच्या आणि नंतरच्या हिवाळ्यात मात्र त्र्यंबकचा रस्ता गर्दीनं आणि कामांनी तुंबू शकतो. निघण्याआधी चौकशी करा आणि अडचण दिसली तर कसारा घाट उतरून भिवंडी-वाडा-मनोर रस्ता धरा. तो लांबचा आहे आणि खड्ड्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेव्हा चारऐवजी अडीच-तीनलाच निघायची तयारी ठेवा, कारण नऊची ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही.